मानसोपचारात रुग्णाचा वाटा किती?

ताप आला की आपण डॉक्टरांपुढे जीभ काढतो, मनगट पुढे करतो आणि औषधांची चिठ्ठी घेऊन घरी परततो. तपासणारा एक आणि तपासला जाणारा दुसरा, अशी ही सरळ विभागणी असते. त्यात रुग्णाकडून अपेक्षा एवढीच, की त्याने सांगितलेली औषधे वेळेवर घ्यावीत. मन थकले, झोप उडाली, कशातच रस वाटेनासा झाला म्हणून समुपदेशकाची पायरी चढणारा माणूसही बहुधा हीच अपेक्षा घेऊन जातो. ‘मी सगळे सांगतो, आता काय करायचे ते तुम्ही सांगा,’ असे तो म्हणतो. समोरून लगेच उत्तर न येता उलट प्रश्न आला, ‘आपण दोघांनी मिळून नेमके काय साधायचे ते ठरवू या का?’, तर तो गोंधळतो. पैसे देऊन आलो आणि ठरवायचे मात्र आपणच, हा कसला उपचार, असेही त्याला वाटून जाते.

हा गोंधळ समजण्यासारखा आहे. अनेक जण पहिल्या भेटीनंतर परत जात नाहीत, त्यामागे हाही एक भाग असतो. म्हणूनच मनाच्या उपचारात मदत घेणाऱ्याला सहभागी का करून घेतले जाते, त्याचे नेमके स्वरूप काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. गोव्याच्या वाचकांना तर या विषयात विशेष रस असायला हवा. कारण या विचाराचा एक जुना धागा कांदोळीला पोहोचतो आणि त्याच्या आधुनिक कसोटीचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच आरोग्य केंद्रांत लिहिला गेला आहे.

‘रुग्ण’ या शब्दाची अडचण

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मधील आपल्या ग्रंथात ‘पेशंट’ हा शब्द बाजूला ठेवून ‘क्लायंट’ हा शब्द रूढ केला. पुढे १९५१ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीलाच त्या शब्दाचे नाव दिले. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. रुग्ण म्हटले की दोष त्याच्यात आणि ज्ञान डॉक्टरांत, असे गृहीत धरले जाते. रॉजर्स यांचे म्हणणे असे, की आपल्याला काय खुपते आणि कोणत्या दिशेला जायचे आहे याची जाण त्या माणसालाच अधिक असते. समोरच्याने आस्थेने, प्रामाणिकपणे आणि निवाडा न करता ऐकले तर ती जाण वर येते. मराठीत अजून त्या शब्दाला सर्वमान्य पर्याय रुळलेला नाही. ‘अशील’ म्हटले की न्यायालय आठवते, ‘ग्राहक’ म्हटले की दुकान. त्यामुळे या लेखात आपण साधेपणाने ‘मदत घेणारी व्यक्ती’ असे म्हणू.

रॉजर्स यांच्या विचाराला पुढे दोन बाजूंनी आकार मिळाला. नैराश्यावरील विचारोपचाराची पद्धत मांडणारे मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी उपचाराची तुलना एकत्र केलेल्या संशोधनाशी केली. ‘माझे कोणालाच काही वाटत नाही,’ असे एखादी व्यक्ती म्हणते तेव्हा तज्ज्ञाने ‘छे, असे काही नसते’ म्हणून ते खोडून काढायचे नाही आणि मान डोलावून मान्यही करायचे नाही. हे विधान एक अंदाज मानून दोघांनी मिळून त्याचा पुरावा तपासायचा. गेल्या आठवड्यात कोणाचा फोन आला, कोणी विचारपूस केली, कोणी टाळले, याची नोंद ती व्यक्ती आणते आणि त्या नोंदीवरून दोघे मिळून निष्कर्ष काढतात.

त्याच सुमारास, १९७९ मध्ये, एडवर्ड बोर्डिन यांनी उपचारातील नात्याचे तीन घटक सांगितले. पहिला, कोठे पोहोचायचे याविषयी दोघांचे एकमत. दुसरा, त्यासाठी कोणी काय करायचे याविषयी एकमत. तिसरा, परस्परांवरचा विश्वास. उपचाराची पद्धत कोणतीही असो, हे तीन घटक जमले नाहीत तर ती पद्धत नीट चालत नाही. २०१८ मध्ये या विषयावरील २९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हे नाते जितके चांगले, तितका उपचाराचा परिणाम चांगला, असा संबंध त्यात दिसून आला. संबंधाचा आकडा सुमारे ०.२८ होता. तो फार मोठा नाही, परंतु निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या विकारांत आणि निरनिराळ्या पद्धतींत तो सातत्याने आढळतो, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट.

कांदोळीच्या पाद्रीचे म्हणणे

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. १९४५ मध्ये रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा प्रत्येक गोमंतकीयाने पाहिलेला असतो. हात उंचावून उभा असलेला पाद्री आणि त्याच्यासमोर कोसळत असलेली स्त्री. पाहणाऱ्याला वाटते, त्या हातांत काही अद्भुत सामर्थ्य असावे. गंमत अशी, की फारिया यांनी आयुष्यभर ज्याचा प्रतिवाद केला तोच समज हा पुतळा पाहणाऱ्याच्या मनात निर्माण होतो.

जुझे कुस्तोदियो दे फारिया यांचा जन्म १७५६ मध्ये कांदोळी येथे झाला. पुढे ते वडिलांबरोबर लिस्बनला आणि मग रोमला गेले. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध फ्रान्समध्ये गेला. त्या काळी युरोपात फ्रांझ मेस्मर यांच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’चा बोलबाला होता. उपचार करणाऱ्याच्या शरीरातून एक अदृश्य प्रवाह निघून रुग्णात शिरतो आणि त्याला बरे करतो, असा तो सिद्धांत. फारिया यांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून दाखवले आणि सांगितले, की असा कोणताही प्रवाह नसतो. जी निद्रा येते ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या एकाग्रतेतून आणि कल्पनाशक्तीतून येते. समोरचा माणूस फक्त निमित्त असतो. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे फ्रान्समधील नान्सी येथील डॉक्टरांनी सूचनेच्या सामर्थ्याविषयी जे काम केले, त्यातून फारिया यांच्या म्हणण्याला दुजोरा मिळाला.

संमोहन आणि आजचे समुपदेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. पण बरे होण्याची शक्ती कोठे असते, या प्रश्नाला फारिया यांनी दिलेले उत्तर आजच्या सहभागी उपचाराच्या पायाशी आहे. आल्तिनो येथील गोव्याच्या जुन्या मानसिक रुग्णालयाला त्यांचेच नाव होते. आज ते कार्य बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत चालते.

आरोग्य केंद्रांतील कसोटी

विचार चांगला असला तरी तो आपल्या मातीत चालतो का, हा प्रश्न उरतोच. भारतात मानसोपचारतज्ज्ञांची संख्या गरजेच्या मानाने अतिशय कमी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि नैराश्य, चिंता यांसारख्या नित्याच्या विकारांत सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. अशा स्थितीत एकेका व्यक्तीला तासभर देणारी पद्धत परवडणार कशी?

१९९६ मध्ये गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. या नावाचा अर्थ सोबत. त्यांच्या ‘मानस’ या प्रकल्पात, म्हणजे ‘मनशांती सुधार शोध’ या कामात, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन १२ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि १२ खासगी दवाखान्यांत समुपदेशनासाठी नेमण्यात आले किंवा त्यांच्याशिवाय चालणाऱ्या केंद्रांशी तुलना करण्यात आली. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते, तर समुपदेशक नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. वर्षानुवर्षे कुटुंबाला ओळखणारा डॉक्टर तेथे आधीपासूनच काही प्रमाणात ती सोबत देत असावा, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

पुढच्या टप्प्यात दोन छोटे, नेमके उपचार तयार झाले. एक तीव्र नैराश्यासाठी, दुसरा मद्यपानाच्या समस्येसाठी. नैराश्यावरील उपचारात सहा ते आठ भेटी होत्या आणि गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर त्याचा अभ्यास झाला. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते, तर केवळ नेहमीची काळजी मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे. मद्यपानावरील अभ्यासात ३७७ पुरुष होते. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्क्यांनी आधीच्या चौदा दिवसांत दारूला स्पर्श केला नव्हता. दुसऱ्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. ज्यांनी पिणे चालू ठेवले त्यांच्या दारूचे प्रमाण मात्र विशेष घटले नाही, हेही त्या अभ्यासाने प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

या यशाचे रहस्य पदव्यांत नव्हते, हे उघड आहे. समुपदेशकांना काटेकोर प्रशिक्षण होते आणि त्यांच्या ध्वनिमुद्रित भेटी सहकारी व तज्ज्ञ नियमितपणे तपासत असत. पण त्याबरोबरच ते कोकणी, मराठी, हिंदी अशा लोकांच्या भाषेत बोलत. ‘नैराश्य’ असा शिक्का मारण्यापेक्षा लोक ज्याला ‘टेन्शन’ म्हणतात, त्या शब्दापासून ते सुरुवात करीत. मद्यपानाच्या उपचारात तर ‘दारू सोड’ असा उपदेश करायचाच नाही, असा दंडक होता. पिण्यामुळे काय मिळते आणि काय जाते, हे त्या पुरुषाच्याच तोंडून यावे आणि बदलाची कारणेही त्यानेच सांगावीत, यावर भर होता. दारुड्याला उपदेश करणारे घरीदारी पुष्कळ असतात. कोणीतरी त्याला त्याचे मत विचारले, हेच नवे असते.

हातोदमधील एक उदाहरण

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, डिचोलीची एक मुलगी लग्न होऊन मध्य प्रदेशात, इंदूर जिल्ह्यातील हातोद या लहानशा तालुक्याच्या गावी गेली आहे. लग्नाला आठ वर्षे झाली. घरात मराठी, दाराबाहेर माळवी हिंदी. गेले काही महिने तिला पहाटे तीनला जाग येते, अंग जड वाटते, स्वयंपाक करता करता डोळे भरून येतात. डोकेदुखीसाठी दोन डॉक्टर झाले. इंदूरला बाणगंगेत मानसिक रुग्णालय आहे, परंतु त्याचे नाव काढले की घरात ‘वेड’ हा शब्द येतो. अखेर माहेरच्या बहिणीच्या आग्रहावरून ती फोनवर एका समुपदेशिकेशी बोलू लागते.

पहिल्या भेटीत समुपदेशिका तिला विचारते, ‘हे बोलणे उपयोगी पडले असे तुम्हाला केव्हा वाटेल?’ ती म्हणते, ‘पूर्वीसारखी होईन तेव्हा.’ यावर समुपदेशिका थांबत नाही. पूर्वीसारखी म्हणजे सकाळी काय करत होता, कोणाशी बोलत होता, काय आवडत होते, असे ती विचारत जाते. बऱ्याच वेळाने दोन गोष्टी निश्चित होतात. पहाटे जाग आल्यावर अंथरुणात तळमळत पडायचे नाही आणि मुलीचा अभ्यास पुन्हा स्वतः घ्यायचा. ही ध्येये तिच्याच शब्दांत लिहिली जातात. किती भेटी होतील, किती वेळ, किती दिवसांनी, बोलणे कोणाकोणाला कळेल, हेही त्याच वेळी ठरते.

नैराश्यात माणूस हळूहळू एकेक काम सोडून देतो. काम सुटले की समाधान सुटते, समाधान सुटले की उरलेली उमेदही जाते. हे चक्र उलट फिरवण्यासाठी लहान लहान कृती पुन्हा सुरू करायच्या, ही एक सिद्ध पद्धत आहे. गोव्यातील प्रयोगातही तीच वापरली होती. त्यानुसार समुपदेशिका सुचवते, की रोज सकाळी अर्धा तास फिरायला जावे. आठवड्याने विचारल्यावर कळते, की ती एकदाही गेलेली नाही.

येथे दोन वाटा फुटतात. ‘तुम्ही प्रयत्नच केला नाही, तर सुधारणा कशी होणार?’ ही एक वाट. तिच्यावर आधीच अपराधीपणाचे ओझे आहे, त्यात आणखी एक भर. दुसरी वाट म्हणजे काय आडवे आले ते विचारणे. विचारल्यावर ती सांगते, की लहान गावात सून सकाळी एकटी रस्त्यावर दिसली की चार घरांतून चौकशी होते, आणि संध्याकाळपर्यंत ती सासूबाईंच्या कानावर जाते. म्हणजे चूक तिच्या इच्छाशक्तीत नव्हती. योजनाच तिच्या आयुष्याला मापाने बसत नव्हती. ‘मग काय जमेल?’ असे विचारल्यावर ती स्वतःच सुचवते, की आठवडी बाजाराला हल्ली यजमान जातात, तो बाजार ती पुन्हा स्वतः करू शकेल. आणि पहाटे जाग आली की उठून चहा करून गच्चीवर बसेल. या दोन्ही गोष्टी ती करते. तिसऱ्या आठवड्यात बाजारात एक जुनी शेजारीण भेटते, आणि कितीतरी दिवसांनी ती मोकळेपणाने हसते.

नैराश्य कसे वागते, हे समुपदेशिकेला ठाऊक असते. हातोदमध्ये कसे जगावे लागते, हे फक्त त्या मुलीला ठाऊक असते. उपचाराला ही दोन्ही ज्ञाने लागतात. सहभागी पद्धत म्हणजे तज्ज्ञाने आपले ज्ञान झाकून ठेवणे नव्हे. ते मोकळेपणाने मांडून समोरच्याच्या ज्ञानाशी त्याची सांगड घालणे. पहिली योजना फसली, यातून दोघींनाही काही कळले. ती फसल्याचे तिला न लाजता सांगता आले, हे नात्याचे यश.

हे उदाहरण कल्पित असले तरी गोव्यातील अनुभव माळव्याच्या दिशेने गेला आहे, हे खरे आहे. मध्य प्रदेशातीलच सिहोर जिल्ह्यात संगाथने आशा कार्यकर्त्यांना नैराश्यावरील हाच उपचार शिकवण्याचे काम केले आहे.

मोजमाप आणि मतभेद

सहभाग म्हणजे नुसत्या गप्पा, असा समज होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली मोजमापाची. नैराश्याची तीव्रता मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली जगभर वापरतात. तिचे गुण शून्य ते २७ असतात आणि दहा किंवा त्याहून अधिक गुण लक्ष देण्याजोगे मानतात. हे गुण तज्ज्ञाच्या फायलीत लपून न राहता दर काही भेटींनी त्या व्यक्तीसमोर ठेवले, तर रक्तदाबाच्या नोंदीसारखी ती दोघांची समाईक नोंद होते. गुण उतरत नसतील तर पद्धत बदलायची का, औषधांसाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जायचे का, हा निर्णयही मग दोघे मिळून घेतात.

दुसरी गोष्ट मतभेदांची. समुपदेशकाच्या एखाद्या वाक्याने मन दुखावते, आपले म्हणणे त्याला कळलेच नाही असे वाटते. आपल्याकडे अशा वेळी बहुतेक जण तोंडावर काहीच बोलत नाहीत. पुढच्या वेळी जात नाहीत, एवढेच. जेरेमी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तुटलेल्या क्षणांचा दीर्घ अभ्यास केला. ते क्षण ओळखून त्यांवर उघडपणे बोलले गेले, तर उपचार अधिक भक्कम होतो, असे त्यांच्या कामातून दिसले. म्हणून चांगला समुपदेशक भेटीच्या शेवटी विचारतो, ‘आज माझे काही खटकले का?’ हा शिष्टाचाराचा प्रश्न नसतो. त्याचे खरे उत्तर द्यावे.

गुरूची अपेक्षा

यावर एक गंभीर आक्षेप आहे. ही सारी बरोबरीची भाषा पाश्चात्त्यांची. आपल्याकडे माणूस वडीलधाऱ्याकडे जातो तो मार्गदर्शनासाठी. १९७३ मध्ये भारतीय मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी गुरु-शिष्य नात्याकडे उपचाराचा एक नमुना म्हणून पाहावे, असे सुचवले होते. भारतीय रुग्णाला अधिकारवाणीचा आधार लागतो, हे निरीक्षण आजही खोटे म्हणता येणार नाही. ज्याची उमेदच खचली आहे त्याला ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणे कधी कधी निर्दयपणाचेही ठरते.

पण यातून सहभागाचा विचार बाद होत नाही, त्याचे माप बदलते. सुरुवातीला आधार अधिक, निवड थोडी. जशी उमेद परतेल तशी निवड वाढवायची. समोरच्याने थेट सल्ला मागितला तर तो द्यावा, परंतु त्यासोबत ‘हे तुमच्या घरात जमेल का?’ हेही विचारावे. कोणाला किती मार्गदर्शन हवे, हे त्या व्यक्तीला विचारूनच ठरवणे हादेखील सहभागच आहे. शिवाय शिष्याने प्रश्न विचारायचेच नाहीत, अशी आपली परंपरा कधीच नव्हती. प्रश्नांवाचून आपल्याकडे उपनिषदे झाली नसती.

महाराष्ट्रातही याची साक्ष मिळते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांच्या ओळखीची केली. त्या पद्धतीत तज्ज्ञ स्पष्ट बोलतो, वादही घालतो. पण अंतिम उद्देश असतो तो माणसाने स्वतःच्या अविवेकी विचारांशी वाद घालायला शिकावे, म्हणजे त्याला तज्ज्ञाची गरज उरू नये. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, व्यसनातून बाहेर पडलेले लोकच नव्याने येणाऱ्यांना हात देतात. तेथे तर मदत घेणारा आणि देणारा यांच्यातील रेषाच पुसट होते.

घरच्यांचा अधिकार किती?

आपल्याकडे समुपदेशकाकडे माणूस क्वचितच एकटा जातो. आई, पती, भाऊ सोबत येतात. पुष्कळदा तेच बोलतात. कुटुंबाचा आधार ही आपली मोठी जमेची बाजू आहे. मात्र ‘तिने काय सांगितले ते आम्हाला कळलेच पाहिजे’ अशी मागणी होते, तेव्हा त्या व्यक्तीचा विश्वास पणाला लागतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती मिळण्याचा हक्क आहे. तिची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे. पुढे आपली स्थिती बिघडली तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधी लिहून ठेवण्याची आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती स्वतः नेमण्याची मुभा आहे. आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही, असे गृहीत धरता येत नाही. समुपदेशनाच्या खोलीत जे सौजन्य होते, त्याला कायद्याने हक्काचे रूप दिले आहे.

याला अपवादही आहेत, आणि ते पहिल्याच भेटीत सांगितले गेले पाहिजेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर गोपनीयता बाजूला ठेवून मदत बोलवावी लागते. भ्रम, भास यांनी ग्रासलेल्या व्यक्तीला काही काळ निर्णय घेणे जमत नाही. अशा वेळी वैद्यकीय उपचारांना प्राधान्य द्यावे लागते आणि औषधे अनिवार्य ठरतात. तेथेही सहभाग संपत नाही. प्रकृती सावरल्यावर ‘पुढच्या वेळी असे झाले तर आम्ही काय करावे?’ हे त्या व्यक्तीला विचारता येते, विचारले पाहिजे.

आपण काय विचारावे

समुपदेशकाकडे जाताना काही प्रश्न बरोबर न्यावेत. आपले शिक्षण आणि प्रशिक्षण कोणते? माझ्या अडचणीसाठी आपण कोणती पद्धत वापरणार आणि का? साधारण किती भेटी लागतील, खर्च किती? सुधारणा होते आहे की नाही हे आपण दोघे कसे ओळखणार? मला पटले नाही तर? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. जो समुपदेशक ते ऐकून चिडतो, त्याच्याकडे पुन्हा न जाणे बरे. जो शांतपणे उत्तरे देतो आणि ‘हे मला ठाऊक नाही, विचारून सांगतो’ असे म्हणण्यास कचरत नाही, त्याच्याकडे थांबावे.

गोव्यात बांबोळीची संस्था आहे. जवळच्या आरोग्य केंद्रातूनही पुढची वाट विचारता येते. राज्याबाहेर असलेल्या आपल्या माणसांसाठी, हातोदसारख्या दूरच्या गावी असलेल्यांसाठीही, ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, भाषा निवडून बोलता येते. आत्महत्येचे विचार मनात घोळत असतील, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता याच क्रमांकावर लगेच बोलावे आणि घरातील एका विश्वासाच्या माणसाला सांगावे.

मनाच्या आजाराने माणसापासून सर्वांत आधी काय हिरावले जाते, तर आपल्या जगण्याविषयी आपण काही ठरवू शकतो ही भावना. बाहेरून कोणी सारे ठरवून दिले, तर दुःख कदाचित हलके होईल, पण ती भावना परत येणार नाही. म्हणून उपचाराच्या पहिल्या दिवसापासून थोडे थोडे ठरवण्याचे काम त्या माणसाच्या हाती दिले जाते. कधी ते आठवडी बाजाराला जाण्याइतके लहान असते. सुरुवात करायला तेवढे पुरते.